‘आमच्याकडे माझ्यासारखं कोणी आहे का?’

प्रश्न थोडक्यात असा: ‘वय २४. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत क्लार्क आहे. मी तशी आहे. माझी एक मैत्रीण होती, सहा वर्षं. मागच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. तेव्हापासून झोप नाही, जेवण जात नाही, कामात चुका होतात. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. धाडस करून एका डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले लग्न झालं की सगळं सुरळीत होईल. आमच्याकडे माझ्यासारखं कोणी आहे का? मदत कुठे शोधायची? पुण्या-मुंबईला सारखं जाणं जमणार नाही. आईला सांगू का?’

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? गेली सतरा वर्षं मी कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात समुपदेशनाचं काम करते आहे. मी स्वतः समलिंगी नाही. या विषयातलं मला जे कळतं, त्यातलं निम्मं प्रशिक्षणातून आलंय आणि निम्मं माझ्यासमोर बसून रडलेल्या, भांडलेल्या, ‘मॅडम, तुम्हाला कळत नाहीये’ असं तोंडावर सांगणाऱ्या मुलामुलींकडून.

आधी तुझ्या त्या ‘तशी’बद्दल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली पहिल्या दिवशी हाच शब्द वापरतात. आपल्या भागात यल्लम्माच्या जोगत्यांमुळे पुरुषाच्या देहात बाईचं मन असू शकतं ही गोष्ट गावाला अनोळखी नाही. त्यांना मान मिळतो की हेटाळणी, हा वेगळा विषय. पण बाईवर जीव लावणाऱ्या बाईसाठी आपल्या बोलीत धड शब्दच नाही. त्यामुळे प्रत्येकीला वाटतं की हे जगात आपल्यालाच झालंय. समलिंगी, लेस्बियन, क्वीअर, जो शब्द पुढे पटेल तो घे, नाही पटला तर घेऊ नकोस. पहिल्या फोनवर ‘मला मुली आवडतात’ एवढं वाक्य पुरतं. मात्र ते एकदा मोठ्याने म्हणून बघ. गच्चीवर, गाडीवर, नळ सोडून बाथरूममध्ये, कुठेही. पहिल्यांदा म्हणताना बहुतेकींचा आवाज फुटत नाही. तो अनोळखी माणसासमोर फुटायला नको, म्हणून सांगते.

आता दुसरी गोष्ट. सहा वर्षांच्या मैत्रिणीच्या लग्नाला तू पत्रात एकच ओळ दिलीस आणि पुढच्या ओळीत झोपेवर आलीस. नवरा गेला, साखरपुडा मोडला, तर चार बायका येऊन शेजारी बसतात. तुझं जे गेलं ते कुणाला सांगताही येत नाही. एक मुलगी मला म्हणाली होती, ‘तिच्या हळदीला मीच तिला हळद लावली, फोटोत मीच सगळ्यात जास्त हसतेय.’ ती चार महिने डोकेदुखीच्या गोळ्या खात होती. तुझं जेवण जात नाही, कामात चुका होतात, यात तू ‘तशी’ असण्याचा काही आजार नाही. हा शोक आहे, आणि तो एकटीने, तोंड मिटून वाहिल्यामुळे कदाचित आता नैराश्यात उतरला आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

म्हणून माझा सल्ला असा आहे की तू दोन गोष्टी एकत्र शोधू नकोस. झोप, भूक, नैराश्य यांसाठी उपचार करणारं माणूस ही एक शोधमोहीम. आपल्यासारख्या माणसांची सोबत ही दुसरी. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील असं धरून चाललं की मोठ्या शहराबाहेरच्या मुली हमखास निराश होतात. संस्थेत जातात, तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसतो. डॉक्टरकडे जातात, तिथे मायेचं माणूस नसतं. आणि दोन्हीकडून हात हलवत परत येतात.

उपचाराचं आधी बघू, कारण ते थांबवून चालणार नाही. मी स्पष्ट विचारते, मरून जावं असं मनात येतं का? येत असेल, आणि त्यातही कसं, कधी, कशाने इथपर्यंत विचार जात असेल, तर हे उत्तर वाचायचं बाजूला ठेवून आत्ता १४४१६ लाव. ही टेली-मानस सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालू असते आणि मराठी निवडता येते. पहिल्यांदा समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात. समोरच्याला मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलीबद्दल कितपत समज असेल, ते ज्याच्या त्याच्यावर अवलंबून. म्हणून रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तर हा नंबर, पण आपण कोण आहोत याच्या लांब चर्चेसाठी हा नाही. घरात कीटकनाशक असेल, शेती असली की असतंच, तर ते तुझ्या हाताला लागणार नाही अशी व्यवस्था कर. ‘लहान मुलं येतात, कुलपात ठेवूया’ म्हण, कुणी कारण विचारत नाही.

शांतपणे, मराठीत, हा विषय समजणाऱ्या माणसाशी फोनवर बोलायचं असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल, नंबर ९१५२९८७८२१. २०१२ पासून चालू आहे, बोलणारे प्रशिक्षित असतात, ईमेलवरही लिहिता येतं. ज्यांच्या घरी भिंतीला कान आहेत त्यांच्यासाठी ईमेलची सोय मला फार मोलाची वाटते.

औषधांची गरज आहे का, हे मात्र समोर बसूनच ठरतं. त्यासाठी तुला पुण्याला जायची गरज नाही. सांगलीच्या सिव्हिलमध्ये आणि मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपरचे किरकोळ पैसे पडतात. तिथे गर्दी असते, डॉक्टरला तुझ्यासाठी फार वेळ नसतो, आणि पहिल्या भेटीत सगळं सांगायचं बंधन तुझ्यावर नाही. ‘जवळचं माणूस दुरावलं, सहा महिने झोप नाही, वजन उतरलं’ एवढ्यावर नैराश्याचा उपचार सुरू होऊ शकतो. बाकीचं विश्वास बसला की सांग. आपण खोटं बोलतोय असं वाटून घेऊ नकोस. पायाला लागलं की आपण हाडवैद्याला घरचा इतिहास सांगत नाही.

तू ज्या डॉक्टरकडे गेलीस त्यांच्याबद्दल. ते वाक्य तुझ्या कानात अजून वाजत असणार. त्यांचं म्हणणं वैद्यकशास्त्राला धरून नाही, हे लेखी उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर म्हटलं. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद व्यंकटेश यांच्यासमोर दोन मुलींची केस आली. आपल्याला हा विषय नीट कळत नाही असं सांगून त्यांनी स्वतः समुपदेशकाबरोबर सत्र घेतलं आणि मग निकाल दिला. त्या निकालाच्या पाठपुराव्यातून २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की कुणाचा कल ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे ‘बदलून देतो’ म्हणत इंजेक्शनं, हार्मोन, शॉक अशी भाषा कुणी केली, तर तिथून उठून यायचं. त्या डॉक्टरांशी जाऊन भांड असं मी म्हणत नाही. तुझ्या अंगात आत्ता तेवढं बळ नाही आणि गाव लहान आहे.

यापुढे कुणाकडेही जाण्याआधी पारख करायची. आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यक परिषदेत नोंदणी असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेत असते. पण नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आजही फारशी आडकाठी नाही. म्हणून भेटीची वेळ घेण्याआधी दोन मिनिटं फोनवर मागून घे. नाव सांगू नकोस, गाव सांगू नकोस. विचार, ‘समलिंगी व्यक्तींबरोबर तुम्ही काम केलंय का?’ मग विचार, ‘हे बदलता येतं असं तुम्हाला वाटतं का?’ आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ‘माझ्या परवानगीशिवाय घरच्यांशी बोलाल का?’

उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत ऐक. ‘नाही, बदलायची गोष्टच नाही ती, तुम्हाला कशाचा त्रास होतोय ते बघू’ असं कुणी म्हटलं की निम्मं काम झालं. ‘या वयात असं होतं’, ‘आधी हार्मोन तपासून घेऊ’, ‘आईवडिलांना घेऊन या, मग बोलू’ असं आलं की धन्यवाद म्हणून फोन ठेवायचा. एक तिसरा प्रकार असतो. ‘मला फार अनुभव नाही, पण बदलायचा प्रश्नच नाही, आणि मी वाचेन, विचारेन.’ लहान शहरात मी या माणसाला संधी दे म्हणेन. मी स्वतः एकेकाळी हीच होते. गुप्ततेचं सांगायचं तर ती डॉक्टरची मेहेरबानी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये कलम २३ खाली तो तुझा हक्क आहे, आणि कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही असं म्हटलं आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर मात्र समुपदेशकाला कुणाला तरी सांगावं लागतं. चांगला समुपदेशक हा अपवाद तुला पहिल्याच भेटीत सांगतो.

नावं कुठून मिळवायची? मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी क्वीअर-अनुकूल समुपदेशनाचं प्रशिक्षण घेते, आणि ते घेतलेल्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर मिळते. त्यातले बरेच जण ऑनलाइन भेटतात. यादीत मराठी बोलणारे शोध. इंग्रजीत आपलं दुःख सांगताना माणूस नकळत सभ्य होतो आणि खरं ते राहून जातं, असा माझा अनुभव आहे. फी पुण्या-मुंबईची असते, तासाला हजार-दीड हजार आणि वरही. पण ऐपतीप्रमाणे फी घेणारे पुष्कळ आहेत आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. ‘माझा पगार एवढा आहे, मला एवढं जमेल’ असं सरळ लिही. पतसंस्थेतल्या मुलीला पैशाचं सरळ बोलायला मी काय शिकवणार!

पैशावरून आठवलं. तुझं खातं तू काम करतेस त्याच पतसंस्थेत असेल, तर दर पंधरवड्याला एकाच नावावर जाणारी रक्कम कुणाच्या तरी डोळ्यावर येईल. वेगळ्या बँकेत किंवा पोस्टात स्वतःच्या नावाचं खातं काढ, पासबुक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेव. ट्रूकॉलरमुळे समोरच्याला तुझं नाव दिसू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये तुझा नंबर सगळ्या सभासदांना दिसतो, म्हणून अनोळखी ग्रुपमध्ये जाण्याआधी दुसऱ्या सिमचा विचार कर. हे मी भीती घालायला सांगत नाही. एका मुलीचं सगळं घरी उघड झालं ते भावाने रिचार्ज करायला तिचा फोन हातात घेतला म्हणून, बाकी काही कारण नव्हतं.

आणि ऑनलाइन बोलायचं कुठून, हा प्रश्न तुझ्या मनात आलाच असेल. माझ्याकडे एक मुलगी सात महिने जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या रेकॉर्डच्या खोलीतून बोलत होती. मागे लाल दोरीने बांधलेले गठ्ठे, धूळ, मध्येच शिंक. मार्चअखेरीला खोलीत माणसं यायला लागली की ती स्कूटर घेऊन कॅनॉलवर जायची आणि हेडफोन लावून गाडीवर बसायची. आवाज तुटायचा, वाऱ्याचा घोंघाट यायचा, आणि तरी तिने एकही दिवस चुकवला नाही. खाजगी खोली नाही म्हणून उपचार थांबवणाऱ्या मुली बघितल्यात, त्यामुळे हे मुद्दाम लिहिते.

आता सोबत. ‘आमच्याकडे माझ्यासारखं कोणी आहे का?’ आहे. मी आकडा सांगणार नाही, पण तुझ्याच तालुक्यातून येऊन माझ्यासमोर बसलेल्या मुली आहेत आणि त्यांना एकमेकींचा पत्ता नाही. त्या का दिसत नाहीत, याचं कारण कळलं तर शोधणं सोपं जाईल.

आपल्याकडच्या संस्था बहुतांशी एचआयव्हीच्या कामातून वाढल्या. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभारला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि हा विषय मराठीतून बोलायला, लिहायला घेतला, ते ऋण मोठं आहे. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. त्या काळात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते संमतीच्या संबंधांपुरतं काढेपर्यंत. उघडपणे मिळणारा पैसा होता तो एड्स नियंत्रणाचा. तो पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आणि तृतीयपंथी समाजासाठी होता, कारण धोका तिथे होता. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका त्या यादीत कधीच नव्हत्या. म्हणून जिल्ह्याच्या गावात एखाद्या गे मुलाला मी अर्ध्या तासात कुणाशी तरी जोडून देऊ शकते. तिथे एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प असतो, त्याचा फिरता कार्यकर्ता असतो, बसायला-उठायला एक खोली असते. तुझ्यासाठी तशी खोली नाही. हा अन्याय आहे आणि मला त्याचा राग येतो. पण खोली नाही म्हणजे माणसं नाहीत असा अर्थ काढू नकोस.

तुझ्यासारख्यांनी आपली वाट स्त्री चळवळीतून काढली. मुंबईत १९९५ मध्ये स्त्री संगम नावाचा गट सुरू झाला, तोच पुढे लेबिया झाला. समलिंगी आणि उभयलिंगी स्त्रिया आणि ट्रान्स व्यक्तींचा गट, आजवर सगळं काम बिनपगारी मैत्रिणींच्या जोरावर. हमसफरमध्येही उमंग नावाचा अशाच मंडळींचा गट आहे. या ठिकाणी तुला दर आठवड्याला जायचं नाही. एकदा लिहायचं, ‘मी सांगली जिल्ह्यातली आहे, आमच्या भागातली कोणी तुमच्या ओळखीची आहे का?’ अशा गटांना ठिकठिकाणच्या मुली लिहीत असतात. त्या कुणाचा नंबर लगेच देत नाहीत, दोन्हीकडून विचारून मगच जोडतात. उत्तराला वेळ लागला तर खचू नकोस, दिवसा सगळ्या आपापल्या नोकऱ्या करतात.

आणि तुझ्या अंगणात संग्राम आहे. सांगलीत १९९२ पासून काम करणारी संस्था. वेश्या व्यवसायातल्या बायकांची संघटना वॅम्प त्यातूनच उभी राहिली, पुरुष आणि ट्रान्स मंडळींची मुस्कानही. ही नावं ऐकून तू दचकशील, ‘तिथे जाताना कुणी पाहिलं तर?’ असं वाटेल. तरी सांगते, समाजाने नाक मुरडलेल्या बायकांबरोबर तीस वर्षं घालवलेली कार्यकर्ती तुझं बोलणं ऐकून भुवई उंचावणार नाही. मुलींवरच्या घरच्या जबरदस्तीबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त व्यवहारी ज्ञान असतं. आधी फोन कर, तिथे जाणं पुढचं.

पहिल्या भेटीची एक गोष्ट सांगते. आमच्याकडे महिन्यातून एकदा सात-आठ जणींची बैठक व्हायची. एक मुलगी यायची म्हणाली होती. चार वाजले, पाच वाजले, नाही आली. निघताना बघितलं तर ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. एक तास ती तशीच बसून आतलं हसणं ऐकत होती. पुढच्या महिन्यात दारापर्यंत आली. तिसऱ्या महिन्यात आत आली, हेल्मेट मांडीवर घेऊन बसली आणि निघेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यातल्या कुणीच तिला बोल म्हटलं नाही. बाहेर पडताना तिने मला विचारलं, ‘त्या निळ्या ड्रेसवाल्या खरंच पंधरा वर्षं एकत्र राहतात?’ तिला उत्तर काय, तेही ऐकून घ्यायचं नव्हतं, विचारता आलं यातच तिचं काम झालं होतं. तू कुठल्याही गटात गेलीस तर तुलाही इतका वेळ घ्यायची मुभा आहे.

अ‍ॅपवर कुणी भेटलं तर सावध राहा. खोट्या मुलींच्या नावाने पुरुष बोलतात, फोटो मिळवून पैसे उकळतात. चेहरा दिसेल असा खाजगी फोटो पाठवू नकोस, भेटण्याआधी व्हिडिओवर बोल, भेट गर्दीच्या ठिकाणी, दिवसा. कुणी धमकावलंच तर पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की थांबत नाही. संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेव आणि १९३० वर सायबर तक्रार कर.

स्थळांचं. अनुभवाने सांगते, लग्नाला नाही म्हणण्यापेक्षा ते पुढे ढकलणं आत्ता तुला झेपेल. तू पतसंस्थेत आहेस, सहकार आणि लेखाशास्त्राच्या सरकारी पदविकेची, जीडीसी अँड ए ची परीक्षा दे. ‘ही परीक्षा झाली की बढती, मग बघू’ हे घरात पटतं, आणि ती पदविका तुला उद्या दुसऱ्या गावी नोकरी मिळवायलाही उपयोगी पडेल. यात वर्ष-दीड वर्ष मिळतं. त्या काळात झोप सुधारेल, दोन-तीन माणसं गोळा होतील, खात्यात थोडे पैसे जमतील. घाबरून ‘करून टाकते लग्न’ म्हणू नकोस. अशा लग्नात तुझ्याबरोबर एक निरपराध माणूस भरडला जातो. असे नवरेही माझ्याकडे येतात आणि त्यांचंही ऐकवत नाही.

गोष्टी हाताबाहेर गेल्या तर, म्हणजे कोंडून ठेवलं, मारलं, फोन काढून घेतला, तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ फक्त सासरसाठी आहे असा समज आहे, पण तो माहेरच्या मारहाणीलाही लागू होतो. महाराष्ट्रात पोलिसांबरोबर बसणारे महिलांचे विशेष कक्ष आहेत, टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेले. तिथे समाजकार्यातली बाई बसते, खाकी वर्दी नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, बाईला उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, फोन १५१००. देवऋषाकडे नेऊन बांधणं, मारणं, चटके देणं झालं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आणि आपल्या भागात अंनिसचा कार्यकर्ता बहुतेक तालुक्यांत सापडतो. तो पोलिसांआधी पोहोचलेला मी पाहिला आहे. आधार कार्ड आणि मार्कशीटच्या मूळ प्रती मात्र आजच तुझ्या ताब्यात घे.

एक कागद आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ खाली कुठलाही प्रौढ माणूस साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. उद्या कुणी तुला तुझ्या इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात दाखल करायला निघालं, तर अर्ज करण्याचा अधिकार या प्रतिनिधीचा असतो. तू कुणाला नेमलं नसशील तर तो घरच्यांकडे जातो. विश्वासातली एखादी सज्ञान मैत्रीण, मावसबहीण, कुणीही चालतं. तिचं संमतीचं वाक्य आणि सही घे, एक प्रत तिच्याकडे, एक फोटो तुझ्या ईमेलमध्ये. बहुतेकींना हा कागद कधी लागत नाही. पण तो लिहिताना आपल्याला विश्वासातलं माणूस कोण आहे, हे नाव शोधावं लागतं.

राहिली आई. आत्ता सांगू नकोस असं मी म्हणते, आणि कायमचं नको असं नाही. झोप नसलेल्या, वजन उतरलेल्या अवस्थेत सांगितलं तर आई तुझं म्हणणं आजाराच्या खात्यात टाकेल, आणि तिचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. तू नीट जेवतेस, कामावर जातेस, परीक्षेचा अभ्यास करतेस, असं तिला दोन-चार महिने दिसू दे. बाहेर निदान दोन माणसं अशी असू देत की सांगितल्यानंतरच्या रात्री त्यांच्याकडे फोन करता येईल, जमलं तर राहताही येईल. सणाच्या तोंडावर, पाहुणे घरात असताना, भांडणात सांगू नकोस. बाबांना तूच सांग असं ओझं तिच्यावर टाकू नकोस.

ती पहिल्यांदा काय म्हणेल ते मला ऐकून ऐकून पाठ झालंय. ‘आमचं काय चुकलं’, ‘लोक काय म्हणतील’, ‘मी मेले असते तर बरं’. त्या रात्रीचं तिचं बोलणं शेवटचं धरू नकोस. स्वीकार नावाचा भारतातल्या अशा आईवडिलांचा गट आहे, मुलांनी सांगितल्यावर स्वतः ढासळलेल्या आणि मग सावरलेल्या पालकांचा. तुझ्या आईला तू समजावू शकणार नाहीस, मी फार तर थोडं समजावेन, पण दुसरी आई फोनवर ‘ताई, मी पण तीन महिने जेवले नव्हते’ म्हणाली की काहीतरी हलतं. माझ्याकडे एका मुलीची आई आली होती, तासभर पदर तोंडाला लावून बसली. उठताना तिने एकच विचारलं, ‘हिला म्हातारपणी कोण बघंल?’ मुलीला वाटलं आई नाकारते आहे. मी तिला तो प्रश्न परत एकदा ऐकायला सांगितला.